पणजीची गुलाबदाणी खरंच पेशवेकालीन आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईच्या आईची आई, म्हणजे तुमची पणजी, तिची चांदीची गुलाबदाणी तुमच्याकडे आली आहे. घरात सगळे तिला ‘पेशवेकालीन’ म्हणतात. बैठकीखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आणि काही आकडे आहेत. ती कुठे, कधी, कोणी घडवली हे शोधायला सुरुवात कुठून करावी, आणि पुढच्या वर्षी तुमची बहीण ती कॅनडाला नेणार आहे त्याआधी काय करून घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत आधी सांगते, मग कारणं. फोटोत जेवढं वाचता येतं त्यावरून तळाचा मजकूर १९०७-०८ सालचा आहे, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी घातलेला. वस्तूही त्याच सुमाराची असावी. आणि तिचं मूळ तुम्ही सध्या जिथे शोधता आहात त्या पणजोबांच्या घराण्यात मिळणार नाही. ते पणजीच्या माहेरात शोधावं लागेल.

आपल्याकडे घराण्याचा इतिहास आडनावाने शोधायची सवय आहे. वंशावळ मुलग्यांची, कुलवृत्तांत मुलग्यांचे, वाडा मुलग्यांचा. चांदी मात्र बहुतेक वेळा मुलींबरोबर गेली. तुमची गुलाबदाणी पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे, आईकडून तुमच्याकडे आली. दर पिढीला तिचं घर बदललं, गाव बदललं, आडनाव बदललं. पणजोबांच्या पूर्वजांपैकी कोणी पेशव्यांच्या पदरी असेलही, पण त्याचा या वस्तूशी संबंध असायलाच हवा असं नाही. कित्येक घरांत मी हेच पाहते. वस्तू एका घराण्याची, कथा दुसऱ्या घराण्याची, आणि दोन्ही खऱ्या.

पुढे जाण्याआधी एक विनंती. गुलाबदाणी घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, बाजारातलं बुडवून काढायचं द्रावण, काहीच नको. कोणी सराफ ‘पोचा काढून देतो, चकाचक करतो’ म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. नक्षीच्या खोबणीत साचलेला काळेपणा, आत वाळलेला गुलाबपाण्याचा थर, बैठकीच्या कडेची झीज, हे सगळं पुरावा आहे. जुन्या ठिपक्यांच्या अक्षरांचं तर आयुष्यच घासण्याने संपतं. तुमच्या फोटोत मजकुराचा मधला भाग गुळगुळीत झाला आहे, तो दर दिवाळीच्या घासण्यानेच.

आता मजकूर. पहिल्या ओळीत ‘चि. सौ. कां.’ स्वच्छ दिसतं. नंतरचं नाव अर्धं गेलं आहे, शेवटी ‘हीस’ आहे. दुसरी ओळ जवळजवळ पुसली गेली आहे, तिचा शेवट मला ‘कडून’ असा वाटतो. तिसऱ्या ओळीत ‘शके १८२९’ आणि बाजूला ‘तो १८॥।’.

चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हे लिहितात लग्न ठरलेल्या मुलीला. लग्न झालं की ती ‘सौ.’ होते. म्हणजे हा लग्नातला आहेर आहे आणि मजकूर लग्नाआधी किंवा लग्नासाठी घातला आहे. त्यामुळे नाव मुलीचं माहेरचं असण्याची शक्यता मोठी. तुम्ही घरात पणजीचं जे नाव ऐकलं आहे ते सासरचं असणार, कारण तेव्हा लग्नात नाव बदलणं सर्रास होतं. तळावरचं नाव पणजीच्या नावाशी जुळत नाही म्हणून ‘ही कोणा दुसरीचीच दिसते’ असं ठरवू नका. आधी पणजीचं माहेरचं नाव शोधा.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या महिन्यांत बहुधा ७९. शके १८२९ चा वैशाख म्हणजे १९०७ चा उन्हाळा, माघ-फाल्गुन म्हणजे १९०८ ची सुरुवात. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा आला १९२९ मध्ये. त्याआधी मुलींची लग्नं दहाव्या-बाराव्या वर्षी होत. त्या हिशेबाने ही नवरी १८९५-९७ च्या आसपास जन्मलेली, आणि तुमच्या पिढ्यांची वयं मोजली तर ती पणजीच असणं व्यवस्थित बसतं.

शकाच्या बाबतीत एक सावधगिरी, इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून. आकड्याआधी ‘शके’ लिहिलेलं नसेल तर घाई करू नये. गुजराती किंवा मारवाडी सराफाकडून आलेल्या भांड्यावर १९६४ दिसलं तर तो विक्रम संवत असू शकतो, म्हणजे पुन्हा १९०७-०८. मराठवाड्यातल्या, निजामाच्या राज्यातल्या घरांत फसली सन भेटतो. त्यात साधारण ५९० मिळवावे लागतात. आजोबांच्या जन्मापूर्वीची भांडी १९६४ सालची समजून मोडीत गेल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

मजकूर ठिपक्यांचा आहे ही गोष्टही बोलते. टोकदार हत्याराने एकेक टोला मारत अक्षर घालायची ही जुनी पद्धत. विजेच्या पेनाने घातलेली अखंड, थरथरती रेघ त्यापेक्षा बरीच अलीकडची. पण मजकुराचं वय म्हणजे वस्तूचं वय नव्हे. जुनी वस्तू नव्याने नाव घालून आहेरात देत असत. म्हणून अक्षरं खाली ठेवून आता वस्तूच हातात घेऊ.

‘तो १८॥।’ म्हणजे पावणेएकोणीस तोळे. एक दांडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ब्रिटिश अमदानीतला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि चांदीच्या रुपयाचं वजनही नेमकं तेवढंच. पावणेएकोणीस तोळे म्हणजे सुमारे २१९ ग्रॅम. एखाद्या सराफाच्या काट्यावर गुलाबदाणी ठेवून बघा. दोन-पाच ग्रॅम कमी भरली तर ती शंभर वर्षांच्या वापराची झीज. वीस-पंचवीस ग्रॅम कमी भरली तर एखादा भाग हरवला किंवा बदलला गेला. वरचं फूल सगळ्यात आधी हरवतं. जास्त भरली तर बैठकीच्या पोकळीत नंतर लाख किंवा राळ भरली असेल, किंवा मोडलेली मान जोडताना डाख भरपूर वापरला असेल. वजन तंतोतंत जवळ आलं तर एक मोठी गोष्ट सिद्ध होते: लग्नात दिली गेली ती हीच गुलाबदाणी, आणि सगळे भाग मूळचे. तळाच्या अक्षरांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा वजनाचा आकडा, कारण तो आजही तपासता येतो.

चांदीचा कस बघायचा असेल तर कसोटीवर घासू देऊ नका, कानस तर मुळीच नाही. हॉलमार्किंग केंद्रात आणि बऱ्याच सराफांकडे क्ष-किरणांचं यंत्र असतं, त्यात वस्तूला ओरखडाही येत नाही. मात्र ते यंत्र पृष्ठभाग वाचतं, आणि वारंवार उजळलेल्या चांदीचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा शुद्ध असू शकतो. म्हणून तळ, मान, फूल अशा वेगवेगळ्या जागी वाचन घ्यायला सांगा. आकडा ९१-९२ टक्क्यांच्या घरात आला तर रुपये आटवून घडवलेली असण्याचा संभव आहे, कारण राणीछाप आणि राजाछाप रुपयात ९१.६७ टक्के चांदी असे आणि गिऱ्हाईकाने सोनाराला रुपये मोजून देऊन भांडं घडवून घेणं ही नेहमीची रीत होती. तोळ्याला तोळा हिशेब सरळ. निजामाच्या हाली रुपयात चांदी सुमारे ८२ टक्केच होती. एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण विलायती स्टर्लिंग चांदी ९२.५ टक्क्यांची असते आणि यंत्राच्या वाचनात हा फरक सहज मिसळून जातो. एक नक्की: आकडा निम्म्यावर आला तर चांदी १९४० नंतरच्या रुपयांची असू शकते, कारण त्या वर्षी रुपयातली चांदी पन्नास टक्क्यांवर आणली गेली. तसं झालं तर शकाचा आणि धातूचा मेळ बसणार नाही आणि आपल्याला पुन्हा विचार करावा लागेल.

ठसा सापडत नाही म्हणून तुम्ही काळजीत आहात. ती सोडा. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात चांदी तपासून सरकारी ठसा मारण्याची सक्ती नव्हती. आपल्याकडे चांदीचं हॉलमार्किंग सुरू झालं ते २००५ मध्ये. त्यामुळे जुन्या देशी चांदीवर ठसा नसणं हेच सर्वसाधारण. चालणारा सिंह आणि जहाजाचा नांगर असे बारीक ठसे दिसले तर वस्तू बर्मिंगहॅमहून आलेली. तुमच्या फोटोत तसं काही नाही.

घडण बघण्यासाठी फूल आणि मान हलक्या हाताने फिरवून सोडवा. अडली तर सोडून द्या, जोर लावू नका. आत मोबाइलचा उजेड टाका. पोटाच्या आतल्या बाजूला हातोडीचे एकमेकांवर चढलेले चपटे टोले दिसले तर पोट हाताने ठोकून उभं केलं आहे. एकसारख्या समांतर वर्तुळांच्या बारीक रेघा दिसल्या तर ते चरकावर ओढलेलं आहे, आणि मग वस्तू बहुधा पुढच्या काळातली. मानेचे आटे बघा. तार गुंडाळून डाखाने जोडलेले, थोडे वेडेवाकडे आटे हाताच्या कामाची खूण आहेत. सुबक, धारदार, सम अंतराचे आटे यंत्राचे. नक्षी आतून उठवून, पोटात राळ भरून मग बाहेरून तिला कडा दिल्या आहेत, की नुसती वरून कोरली आहे, तेही बोट फिरवून कळतं. तुमच्या फोटोत नक्षी चांगली उठावाची दिसते.

ती नक्षीच मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. पोटावर रिकामी जागा जवळजवळ नाही. दाट वेल, वेलीतून वळणारी पानं, त्यात दडलेला मोर आणि एक हरणासारखा प्राणी, मागची जमीन बारीक ठिपक्यांनी भरलेली. पुण्या-नाशकाकडच्या घरगुती गुलाबदाण्या बहुतेक साध्या असतात: गुळगुळीत पोट, फार तर पाकळ्यांचे पडदे, मानेवर दोन वळी. तुमची वेल कच्छी कामाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुजच्या चांदीकामाला देशाबाहेरही मान होता. कच्छ दरबारचा कारागीर उमरसी मावजी याच्या कामावर रोमन लिपीत ‘ओ. एम.’ आणि कधी ‘भुज’ असे ठसे सापडतात. तुमच्या गुलाबदाणीवर ते नाहीत, आणि नाहीत तेच बरं, कारण ज्या ठशाला भाव येतो त्याच्या नकलाही बाजारात येतात. कच्छी नक्षी आहे म्हणजे भुजलाच घडली असंही मी म्हणणार नाही. कारागीर पोटामागे फिरतो आणि नक्षी त्याच्याबरोबर फिरते. गिऱ्हाईकाने मागितली तर दुसऱ्या शहरातला सोनारही ती उतरवतो.

पण मराठी घरात १९०७ सालच्या लग्नात कच्छी कामाची गुलाबदाणी यायला एक अगदी सरळ वाट होती, ती बडोद्याची. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८७५ ते १९३९ या काळात, कित्येक मराठी कुटुंबं तिथे नोकरीला होती: शिक्षक, कारकून, वकील, डॉक्टर, वहिवाटदार. सुट्टीत गावी येताना, भाचीच्या लग्नाला येताना ही मंडळी तिकडची वस्तू आणत. मुंबईत व्यापार किंवा नोकरी करणाऱ्या नातेवाइकांनाही कच्छी माल मिळत होता. म्हणून तुमच्या शोधातला पहिला प्रश्न ‘पेशव्यांशी आपला काय संबंध’ हा नको. पणजीच्या माहेरचं किंवा आजोळचं कोण बडोद्याला, कच्छ-काठेवाडात किंवा मुंबईला होतं, हे विचारा. आजोळ मुद्दाम म्हणते. दुसऱ्या ओळीतलं ‘कडून’ कोणाकडून आहे हे अजून वाचता आलेलं नाही, आणि असा भारी आहेर मामाकडून येणं काही नवल नाही. तसं असेल तर शोध तिसऱ्याच आडनावात जातो.

हे शोधायचं कशात? सगळ्यात आधी माणसांत. आईच्या पिढीतल्या, शक्य असेल तर आजीच्या पिढीतल्या ज्या बायका आहेत त्यांच्याकडे जा: मावश्या, आजीच्या जावा, मावसबहिणी. ‘ही पेशवेकालीन ना?’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘हो’च येईल. तुम्ही ही पहिल्यांदा कुठल्या घरात पाहिली, चैत्रातल्या हळदीकुंकवाला काढत की फक्त लग्नमुंजीत, कुठल्या कपाटात असे, हिच्या जोडीची अत्तरदाणी कोणाकडे गेली, पणजीला माहेरी काय म्हणत, असं विचारा. जोडीची अत्तरदाणी हा प्रश्न विसरू नका. गुलाबदाणी सहसा एकटी दिली जात नसे. अत्तरदाणी आणि तबक वाटणीत दुसऱ्या लेकीकडे गेलं असणार, आणि त्यावर हाच मजकूर कमी झिजलेल्या स्थितीत असू शकतो. ती सापडली तर निम्मं काम झालं. जुनी मखमली पेटी कोणी जपून ठेवली असेल तर झाकणाच्या आतला कपडा बघा, दुकानाचं नाव बहुधा तिथेच छापलेलं असतं.

मग कागद. लग्नाच्या याद्या हा आपल्याकडचा सर्वात दुर्लक्षित दस्तऐवज आहे. देणंघेणं ठरवून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी लिहिलेली, कुंकू लावलेली ती यादी. त्यात दागिने आणि भांडी कित्येकदा तोळ्यांसकट लिहिलेली असतात. मामाचा आहेर यादीत नसतो, पण घरच्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, त्या महिन्याच्या नोंदींत ‘आहेर आला’ म्हणून सापडू शकतो. पणजोबांच्या पश्चात वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र झालं असेल आणि ते नोंदलेलं असेल, तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून नक्कल मागता येते. १९०७ सालचे खाजगी कागद मोडी लिपीत असण्याची शक्यता भरपूर आहे. ‘वाचता येत नाहीत’ म्हणून ते टाकू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मोडी वाचणाऱ्यांची माहिती मिळेल; पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गांतून तयार झालेली तरुण मंडळीही आता बरीच आहेत.

पणजीच्या माहेरचं आडनाव कळलं की त्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला गेला आहे का ते बघा. कुलवृत्तांतात मुलींची माहिती तुटपुंजी असते, तरी ‘कन्या अमुक, दिली तमुक यांस, गाव अमुक’ एवढी ओळ मिळाली तरी पुरते. भावाच्या नोंदीत ‘बडोदे संस्थानात नोकरी’ असं दिसलं तर मला जरूर कळवा. कुलवृत्तांत नसेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की तिथे आलेल्या पिढ्यांची नावं बऱ्याचदा मिळतात, आणि यात्रेकरू कुठून आला हेही लिहिलेलं असतं.

तुलनेसाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा. केळकर संग्रहालयात घरगुती वापराच्या वस्तूच भरपूर आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा संग्रह घरबसल्या संगणकावर पाहता येतो आणि त्यात कच्छी चांदी चांगली आहे. मागची जमीन कशी भरली आहे आणि वेलीचं टोक कसं वळतं, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवून तुलना करा. मोर सगळेच घडवतात.

आता कॅनडाचं, कारण यात चूक झाली तर ती महागात पडेल. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वारसा म्हणून मिळाली, विकायची नाही, बहिणीची भेट आहे, यातलं काहीही विमानतळावर चालत नाही. गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. तुमच्या गुलाबदाणीच्या तळावर तर शके १८२९ असं तिचं वय लिहिलेलंच आहे. शंका असलेल्या वस्तूंची तपासणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तज्ज्ञ समिती करते आणि वस्तू पुरावशेष नसेल तर तसं प्रमाणपत्र देते. या वस्तूला ते मिळेल असं मला वाटत नाही. घरात ठेवायला कसलीही अडचण नाही. नोंदणीची सक्ती आहे ती मुख्यतः मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा प्रकारांना. तेव्हा ताईंना स्पष्ट सांगा की गुलाबदाणी इथेच राहील. त्यांना पणजीची आठवण हवी असेल तर वजन, मापं, मजकूर आणि नात्यातल्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टी यांची एक नीट नोंद फोटोंसकट करून द्या. ती नोंद तुमच्या मुलांनाही लागणार आहे.

मला पुढचं सांगता यावं म्हणून तीन गोष्टी पाठवा. काट्यावरचं वजन, फुलासकट आणि फुलाशिवाय. मान सोडवल्यावर आट्यांचा जवळून फोटो. आणि तळाच्या दुसऱ्या ओळीचे फोटो, खोलीत अंधार करून, टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून, उजेड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि एकदा वरून. ‘कडून’च्या आधी मला ‘मा’सारखं काहीतरी दिसतं आहे. ते खरंच ‘मा’ असेल तर पणजीच्या मामांचं आडनाव आतापासूनच विचारायला लागा.